फाटा

म्वानासितीच्या लॅपटॉपचं एक बटण गेलंय,
स्वल्पविरामाचं. लागला की ती
दुसऱ्या ओळीतून उचलून आणते, डकवते.
लामूच्या धक्क्याजवळ, जाळी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर खोली.
खाली गाढवं. वर पंखा, वीज असली तर.

तिथून एका रात्री तिनं
गुलवेनच्या भरती-ओहोटीच्या प्रोग्रॅमचा फोर्क घेतला.
एक बटण, आणि एकवीस वर्षांचं काम
ब्रिटनीतल्या रोस्कोफहून तिच्या नावाखाली येऊन बसलं;
मूळचं मात्र तिथल्या तिथे, हललंसुद्धा नाही.
चमचाभर विरजण आणावं
आणि शेजारणीचं दही चमचाभरही कमी होऊ नये, तसं.

आपल्यात फाटे फोडतो त्याला कटकट्या म्हणतात.
इथे फाटा फोडल्याशिवाय
कामाला हातच घालता येत नाही.

निमित्त मामाचं.
फमाऊमामानं फोनवर पाहिलं होतं, भरती चार वाजता.
त्याचे चार म्हणजे उजाडल्यापासून चार तास,
फोनच्या घड्याळात दहा.
दहाला तो धक्क्यावर आला, तर पाणी पार उतरलेलं,
होडी चिखलात कलंडलेली, आत खारफुटीचे वासे.
सहा तास चुकणं म्हणजे थोडंथोडकं चुकणं नव्हे,
भरतीच्या जागी नेमकी ओहोटी.

तिनं अकरा ओळी लिहिल्या.
पुल रिक्वेस्ट धाडली.

उत्तर आलं: आभारी आहे.
पण तुमच्या सगळ्या वेळा सहा तासांनी चुकल्यात.
टाइमझोन तपासावा. गुलवेन.

तिनं तीन उत्तरं लिहिली.
पहिल्यात बरीच शतकं होती. खोडलं.
दुसऱ्यात मामा होता, चिखल होता, मामी काय म्हणाली ते होतं.
तिसरं पाठवलं:
चुकलं काही नाही. आमच्याकडे सूर्य उगवला
की तासाभरानं एक वाजतो.

नऊ दिवस काही नाही.
परक्या माणसाच्या गप्पपणाला चेहरा नसतो.
रागावला असेल. आजारी असेल. मेलाही असेल, वय झालंय म्हणे.
(कांदे काढत होता.)

दहाव्या दिवशी:
मग मध्यरात्री किती?
सहा.
रात्रीचे सहा?
रात्रीचे सहा.

आणि बऱ्याच वेळानं, न विचारता:
मध्यरात्री तारीख बदलणं हेच विचित्र आहे म्हणा.
तेव्हा जागं कोण असतं.
मी असायचो. दीपगृहावर नोकरी होती.

मग पुन्हा कामाचं. चाचण्या लिहा.
पर्याय ठेवा, सक्ती नको.
एका ओळीत एवढं कोंबू नका, पुढच्याला वाचायचंय.
तिनं सगळं केलं, कुरकुरत.
दोनशे चौदा चाचण्यांपैकी दोनशे तेरा हिरव्या,
एक लाल फुली.
अर्धी रात्र गेली शोधण्यात.
स्वल्पविराम.

शुक्रवारी मर्ज झालं.
तिच्या अकरा ओळी वाढत वाढत
साठ झाल्या होत्या, त्यांतल्या चार त्याच्या.
नव्या आवृत्तीच्या टिपणात तिचं नाव आलं,
म्वानासिटी.
तिनं ते तीनदा वाचलं.
मग दुसरी पुल रिक्वेस्ट धाडली, एका अक्षराची.
ती चार मिनिटांत मर्ज झाली.
खाली एकच शब्द होता: लाजलो.

मामाला यातलं काही माहीत नाही.
तो आता फोन बघतो,
मग नेहमीसारखा धक्क्याच्या पायऱ्या उतरतो,
शेवाळाची ओली रेघ बघतो,
आणि दोन्ही जुळलं तर दोर सोडतो.
जुळलं नाही तर रेघेचं ऐकतो.

फाटा तिनं मोडला नाही. असू दे म्हणाली.
काल पाहिलं तर त्यालाही एक फाटा फुटलाय,
कोमोरोसहून कुणीतरी, फोटो नाही, नाव अर्धं.
अजून एक ओळही बदललेली नाही.
ती दिवसातून दोनदा डोकावते.